सरळ उभी नळी

त्रेसष्ट पेशी मोजून झाल्या होत्या. एक्केचाळीस न्यूट्रोफिल, सतरा लिंफोसाइट, तीन मोनोसाइट, दोन इओसिनोफिल; बेसोफिल एकही नाही. शंभर पुऱ्या झाल्या की काउंटरची घंटी वाजते आणि हात आपोआप पेनाकडे जातो, ही चौतीस वर्षांची सवय. चौसष्टावी पेशी वर्तुळाच्या वरच्या कडेने आत सरकत होती, तिच्या केंद्रकाला पाकळ्या दोन की तीन एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि दिवा गेला. गेला म्हणजे एकदम नाही. वरून कुणी राखाडी कापड हळूहळू सोडत यावं तसं ते उजेडाचं वर्तुळ भरत आलं, तळाशी नखाएवढी फाक उरली, मग तीही मिटली. बल्ब गेला, ती मनाशी म्हणाली, आणि वैतागली. डावीकडच्या ट्रेमध्ये अजून सव्वीस स्लाइडी पडून होत्या, अकरा वाजत आले होते, आणि पहाटेपासून उजव्या कानशिलात जे चाललं होतं ते थांबायचं नाव घेत नव्हतं. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोरच्या दोन नळ्यांचं वजन सारखं नसलं की ते सगळं यंत्र टेबलासकट थरथरायला लागतं. तसं काहीतरी डोक्याच्या एकाच बाजूला सुरू होतं आणि बंद करायचं बटण सापडत नव्हतं.

तिने मायक्रोस्कोप बंद केला, प्लग काढला, खणातून नवा बल्ब घेतला आणि रुमालात धरून बसवला. बोटाचं तेल लागलं की बल्ब त्याच जागी काळा पडतो, हे तिने लॅबमध्ये आलेल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. बटण दाबलं, डोळा लावला. अंधार. "बारक्या," तिने मागे न वळता हाक मारली, "हे बल्ब कुठून आणतोस रे? नवा काढला तोही गेलेला." बारक्या हा लॅबमधला दुसरा टेक्निशियन. एकोणिसाव्या वर्षी तिच्या हाताखाली आला तेव्हा काडीसारखा होता म्हणून तिनेच हे नाव ठेवलं. आता वय चव्वेचाळीस, वजन एक्क्याण्णव किलो, पण नाव काही वाढलं नाही. तो हातमोजे काढत आला, वाकला, आयपीसला डोळे लावले.

"चालू आहे की, बाई. लख्ख दिसतंय."

"मग मला का दिसत नाही?"

"आता ते मी कसं सांगू? डाव्याने बघा बरं."

डाव्याने. ती काम शिकली ते एका नळीच्या जुन्या मायक्रोस्कोपवर. उजवा डोळा नळीला लावायचा, डावा उघडाच ठेवायचा पण त्याने काही बघायचं नाही. मिटला तर तासाभरात चेहरा आंबतो. पुढे दोन नळ्यांचे मायक्रोस्कोप आले, पण बघायचं काम उजव्याकडेच राहिलं, डावा आपला नळीबाहेरच, दारात बसलेल्या पाहुण्यासारखा. तिने मान सरकवून डावा डोळा उजव्याच्या जागी आणला. वर्तुळ होतं. उजेड होता. पेशीला पाकळ्या तीन होत्या. तिने काउंटरची चावी दाबली, चौसष्ट, आणि मगच डोकं वर केलं आणि डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. बारक्या गेला. फ्रिज गेला, भिंतीवरचं कॅलेंडर गेलं, खिडकी गेली. काळं सुद्धा नव्हतं. पाठीमागे जसं काही दिसत नाही, म्हणजे अंधारही दिसत नाही, तसं समोर झालं होतं. तळहात काढला की सगळं परत जागच्या जागी. तिने हे चार वेळा करून बघितलं. चारही वेळा तेच.

"चला," बारक्या म्हणाला. त्याने तिची पर्सही उचलली होती.

त्याच्या गाडीत बसल्यावर तिला राग आला. भीतीच्या आधी राग, तोही नेमका कुणावर हे ठरेना म्हणून जास्त. डोकं काही आज दुखायला लागलं नव्हतं. महिना झाला होता. मंगळवारी सकाळी केस विंचरताना कंगवा उजव्या बाजूने फिरला आणि डोक्याची कातडी सोलवटल्यासारखी झाली. तिने कंगवा बदलला. मग त्या कुशीवर झोपवेना, म्हणून उशी बदलली. नवऱ्याने बघून घेतलं आणि म्हणाला, "आधी कंगवा, मग उशी. आता माझा नंबर कधी आहे तेवढं सांग." नवरा रिटायर झालेला वायरमन, त्याला प्रत्येक दुखण्यात एकच निदान सुचायचं. "कुठेतरी कनेक्शन लूज आहे तुझं," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "अहो, तुम्ही पंखे उघडा, मला उघडू नका." घरच्या डॉक्टरांनी तिची मान डावीउजवीकडे वळवून बघितली. बासष्ट वय, रोज आठ तास वाकून काम, मान बोलणारच. त्यांनी मानेचे व्यायाम लिहून दिले आणि दुखलं तर घ्यायच्या गोळ्या. गोळ्यांनी दोन तास बरं वाटायचं. तिसऱ्या तासाला कानशील पुन्हा आपलं अस्तित्व सांगायचं.

मग जबडा. चालून चालून पोटरी भरून यावी तसा घास चावता चावता जबडा भरून यायचा. थांबलं की मिनिटभरात मोकळा, पुन्हा चावलं की पुन्हा तेच. ती मऊ खायला लागली, सफरचंद किसून खायला लागली. दातांच्या डॉक्टरने फोटो काढला, हातोडीने दाढा वाजवून बघितल्या आणि मागून दुसरी दाढ काढली. "तशी दाढ चांगलीच होती," काढल्यावर तो म्हणाला, "पण शंका नको." खड्डा भरत आला, जबडा होता तिथेच. वाचताना अक्षरांना कधी कधी सावली पडायची, म्हणून चष्म्याच्या दुकानात गेली. पाव नंबर वाढला. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, त्याला ती दमणं म्हणत होती. वजन तीन किलो उतरलं तर शेजारीण म्हणाली, "काय करता हो, आम्हालाही सांगा." तीन जणांना तिने तीन वेगळी दुखणी वाटून दिली होती आणि प्रत्येकाने आपापल्या वाट्याचं प्रामाणिकपणे दुरुस्त केलं होतं. बारक्याने एका पेशंटचे रिपोर्ट असे तीन चिठ्ठ्यांवर लिहून आणले असते तर तिने ते त्याच्यासमोर फाडले असते. एक माणूस, एक कागद. हे वाक्य तिचं होतं, लॅबच्या भिंतीवर तिच्या अक्षरात लावलेलं होतं. गाडी सिग्नलला थांबली. उजव्या बाजूला काय आहे ते कळत नव्हतं. एक हॉर्न कुठूनतरी आला आणि कुठे गेला ते कळलं नाही.

"डोकं दुखतंय का अजून?" बारक्याने विचारलं.

"तू पुढे बघ."

हॉस्पिटलच्या खिडकीवर बसलेल्या क्लार्कने घड्याळाकडे बोट दाखवलं. डोळ्यांचा विभाग दोनला बंद होतो, आजचे नंबर बाराला संपले, उद्या आठला या, साडेसातला आलात तर उत्तम. बारक्या म्हणाला, इमर्जन्सी आहे. क्लार्कने तिच्याकडे बघितलं. ती सरळ उभी होती, साडी नीट होती, चष्मा नाकावर होता.

"रक्त येतंय का?"

"नाही."

"काही उडालंय डोळ्यात? ॲसिड, काच?"

"नाही. दिसत नाही."

"आजी, दिसत नाही म्हणूनच सगळे येतात इथे. नंबर संपलेत म्हणून सांगतोय ना."

"तुमचे नंबर संपले, माझा डोळा संपलाय," ती म्हणाली. "आता कुणी आधी उठायचं ते ठरवा." तिचा आवाज एवढा शांत होता की क्लार्क खरंच उठला. आत जाऊन आला आणि म्हणाला, बसा, मॅडम बघतात, पण वेळ लागेल. बाक लोखंडी होता, बसायची जागा जाळीची. समोरच्या भिंतीवर फरशांच्या आडव्या नऊ रांगा होत्या. ती डावा डोळा झाकून आणि उघडून बघायची, मग स्वतःलाच रागवायची, मग पुन्हा बघायची. बारक्याने फोन केला असणार, कारण पाऊण तासाने नवरा आला. एका हातात तिची औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, पायात दोन वेगळ्या चपला. तिने ते बघितलं. तो शेजारी बसला आणि तिच्या पदराचं टोक बाकाच्या जाळीत अडकलं होतं ते सोडवत राहिला.

निवासी डॉक्टर तिच्या भाचीच्या वयाची होती, केस घाईने बांधलेले, हातात टॉर्च. आत नेऊन तिने उजव्या डोळ्यात उजेड टाकला, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. आत डोकावून बघायच्या दुर्बिणीने बराच वेळ बघितलं. "डोळ्याच्या मागची नस फिकट आणि सुजलेली दिसतेय," ती म्हणाली. "डोकं दुखतं का? किती दिवस?" महिना. कंगवा लावला की? हो. आणि डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "चावताना जबडा दुखतो?" आजवर हे दोन प्रश्न एका माणसाने एका दमात विचारले नव्हते. ती हो म्हणाली आणि तिला एकदम रडू यायला लागलं, ते तिने खोकल्यावर नेलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "गेल्या महिन्यात रक्त तपासलंय? ईएसआर केला होता?"

"केला ना," नवरा म्हणाला. "ही स्वतःच लॅबमध्ये आहे. सगळं नॉर्मल आलं. हिनेच सांगितलं मला."

"नॉर्मल होता?" डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. कागदावर काहीतरी लिहिलं, मग दुसरं काहीतरी. ती आता हळू, स्वतःशी बोलल्यासारखी बोलत होती. एका शक्यतेत ईएसआर बहुतेक वेळा खूप वाढलेला असतो. तसा असता तर आत्ताच स्टिरॉइडची मोठी बाटली लावली असती. पण नॉर्मल असेल तर हे साधं नसेचं रक्त कमी पडणंही असू शकतं, आणि त्यात स्टिरॉइडचा उपयोग नाही. तुम्हाला शुगर आहे, एवढ्या डोसने ती कुठल्या कुठे जाईल. आमच्या लॅबमध्ये आज एक यंत्र बंद आहे, नमुना पाठवते, संध्याकाळपर्यंत किंवा सकाळी रिपोर्ट येईल. मोठे सर ऑपरेशनमध्ये आहेत, फोन उचलत नाहीत. तोवर बाहेर बसा.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. नॉर्मल. हा शब्द तिने कागदावर लिहिला नव्हता, स्वयंपाकघरात भांडी पुसताना म्हटला होता. घरच्या डॉक्टरांनी तिसऱ्या खेपेला सांगितलं होतं, एकदा रक्त बघून घ्या, तुमच्या हातातलंच आहे. तीन आठवडे झाले. बारक्याने रक्त काढलं. स्वतःचं म्हणून रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, नळीवर कोरी पांढरी चिठ्ठी. लांब बारीक नळीत रक्त भरून नळी स्टँडमध्ये उभी करायची, तासभर हात लावायचा नाही. लाल पेशी आपल्या वजनाने खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी उरतं. तासाने ते किती मिलीमीटर उरलं ते वाचायचं, बस, एवढाच ईएसआर. तिच्या वयाच्या बाईला तीसपर्यंत चालतो. शरीरात कुठे जळत असेल तर पेशी एकमेकींना चिकटतात आणि घाईने बुडतात. साडेनऊला लावलेली नळी तिने साडेदहाला वाचली. एकशे सोळा. तिने पुन्हा वाचलं. एकशे सोळा. आणि तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते आजाराचं नाव नव्हतं, स्टँड होता. नळी दोन-तीन अंश जरी कलली तरी पेशी नळीच्या भिंतीवरून घसरत खाली येतात आणि आकडा फुगतो. अशा फुगलेल्या आकड्यांनी घाबरलेली माणसं तिने चौतीस वर्षं बघितली होती आणि प्रत्येक नव्या टेक्निशियनला पहिल्या आठवड्यात हेच सांगितलं होतं, की न पटणारा आकडा दिसला की आधी नळीवर संशय घ्या. तिने डोळे बारीक करून बघितलं आणि तिला नळी कललेली दिसली. खरंच दिसली. "बारक्या, स्टँड पुसून तिरका ठेवलास की नाही?" बारक्या आला, स्टँडच्या पायातल्या पाणसळीच्या बुडबुड्याकडे वाकून बघितलं, क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "बरं, बाई." नळी तिने स्वतः ब्लीचमध्ये टाकली. न पटणारा आकडा दुसऱ्यांदा करून बघायचा हाही नियम तिचाच होता. उद्या करू, म्हणाली. उद्या शनिवार होता, गर्दी होती. परवा डोकं जरा कमी होतं.

आता बाकावर बसल्यावर त्याच दिवसाचं बाकीचं आठवलं. त्याच स्टँडमध्ये तिच्या नळीशेजारी अजून तीन नळ्या होत्या. तिने त्यांचे आकडे रजिस्टरमध्ये लिहिले होते: बारा, आठ, वीस. स्टँड तिरका असता तर चारही फुगले असते. हे दहावीतल्या पोराला कळलं असतं. तिने ते स्वतःला विचारलंच नव्हतं, कारण उत्तर बहुधा तेव्हाही तिथेच उभं होतं, त्या नळीइतकं सरळ. आणि ती मानेवर, दातावर, चष्म्यावर, कंगव्यावर महिनाभर चिडत बसली होती. तिला वाटलं, उठावं आणि आत जाऊन सांगावं. मग वाटलं, सांगून काय, रिपोर्ट येईलच संध्याकाळी. बारक्या समोर उभा होता, नवरा शेजारी. बारक्यासमोर सांगायचं? पंचवीस वर्षं त्याला शब्दाशब्दाला पकडलं, एकदा नाव चुकीचं लिहिलं म्हणून दोन दिवस बोलली नव्हती. संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही, असं ती ठरवत होती, आणि तेव्हा फरशांच्या वरच्या रांगा गेल्या. एक रांग, दुसरी, तिसरी. डाव्या डोळ्यात. तेच राखाडी कापड. तिने बाकाची जाळी घट्ट धरली आणि सेकंद मोजायला लागली, कारण दुसरं काही येत नव्हतं. सात, आठ, नऊ. अकराला कापड थांबलं आणि जसं आलं तसं वर गेलं. नऊही रांगा परत आल्या.

ती उठली. नवऱ्याने हात धरला, तो तिने तसाच राहू दिला, आणि डॉक्टरच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. तिथे एक मुलगी दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात थेंब घालत होती.

"नॉर्मल नव्हता," ती म्हणाली. "एकशे सोळा होता. तीन आठवड्यांपूर्वी."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. "तू तर म्हणालीस..."

"खोटं म्हणाले."

डॉक्टर खुर्चीतून अर्धी उठली. "रिपोर्ट आहे?"

"नाही. मी नळी फेकून दिली. मला वाटलं तिरकी होती. आत्ता डावा डोळाही गेला होता, अकरा सेकंद."

"मग ती तिरकी नसेल कशावरून?"

उत्तर तिच्याकडे होतं, बारा-आठ-वीसचं, पण ते बाहेर यायच्या आत मागून आवाज आला. "नव्हती तिरकी," बारक्या म्हणाला. दारात त्याने सगळी जागा अडवली होती. "स्टँड सरळ होता. पाणसळीतला बुडबुडा मधोमध होता. मी बघितला होता." तो हे जमिनीकडे बघून म्हणाला.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. डॉक्टरने दोन बोटं तिच्या उजव्या कानशिलावर ठेवली, मग डाव्या, मग पुन्हा उजव्या. तिथली रक्तवाहिनी दोरीसारखी टणक लागत होती आणि ठोका लागत नव्हता; हे आधी का नाही बघितलं म्हणून ती स्वतःवरच पुटपुटली. ऑपरेशन थिएटरमध्ये माणूस पाठवून तिने मोठ्या सरांना बाहेर बोलावलं. तीन वाजून दहा मिनिटांनी पहिली बाटली लागली. रक्त त्याआधी काढून घेतलं होतं, पण त्याची वाट कुणी बघितली नाही. डॉक्टरने बाटलीचा वेग लावता लावता सांगितलं, की शरीराची संरक्षण करणारी फौजच आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर उलटते, भिंती सुजतात, वाट बंद होते. कानशिलातली, जबड्याची, डोळ्याची. त्या भिंतीत मोठ्या मोठ्या, पुष्कळ केंद्रकांच्या पेशी बसलेल्या असतात. कानशिलाजवळच्या वाहिनीचा एक तुकडा काढून परवा तपासायला पाठवू. गेलेला डोळा बहुतेक परत येत नाही. हे आपण दुसऱ्यासाठी करतोय. ती ऐकत होती आणि तिला चीड येत होती ती त्या पेशींची. चौतीस वर्षांत तिने मोजलेल्या पेशी लाखांत असतील, आणि ज्या मोजायला हव्या होत्या त्या थेंबात कधी येतच नाहीत; भिंतीत बसून राहतात.

डोकं पहिल्याच संध्याकाळी दुखायचं थांबलं. असं थांबलं की तिला त्याचाही राग आला. महिनाभर ज्याने उठू-बसू दिलं नाही ते एका बाटलीत गेलं, म्हणजे ते एवढंच होतं. वॉर्डमध्ये सोळा खाटा होत्या, तिची खिडकीकडून तिसरी. तिची डावी बाजू भिंतीकडे आली होती, तर तिने खाट फिरवून घ्यायला लावली, आणि मग डावीकडून येणारे-जाणारे दिसायला लागले आणि प्रत्येक जण काळजी करू नका म्हणायला लागला, तर तिला वाटलं भिंतच बरी होती. शुगर चारशेच्या पुढे गेली. झोप येईना. स्टिरॉइडने जीव उगाच ताजातवाना वाटायचा आणि त्या ताजेपणाला काही काम नव्हतं. नवरा बाजूला बसून वॉर्डातल्या पंख्याकडे बघत असे. "हा पंखा बघ," तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, "घासतोय. बेअरिंग गेलंय. मी सांगितलं त्यांना, तर म्हणे तक्रार लिहून द्या." मग, पंख्याकडे बघतच, त्याने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तिने खूप शोधलं आणि तिला जे सापडलं ते एवढंच होतं: "तुम्हाला सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं." तो हं म्हणाला. मग उठून त्याने स्टूलवर चढून पंख्याला हात घातला, आणि सिस्टरने येऊन त्याला खाली उतरवलं.

बारक्या तिसऱ्या दिवशी आला. तिच्या कानशिलावर टाके होते आणि पट्टी होती. तुकडा तपासायला गेला होता. त्याने लॅबमधल्या गोष्टी सांगितल्या, मालक डॉक्टर स्वतः स्लाइडी बघतायत आणि दर दहा मिनिटांनी मान मोडतायत. ती हसली नाही.

"बुडबुडा मधोमध होता," ती म्हणाली.

"होता."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

त्याने हातातली पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "तुम्ही तिरका म्हणालात. मी बघितलं, सरळ दिसला. मग मला वाटलं मलाच नीट दिसत नसेल. बाई, तुम्हीच शिकवलंत की, शंका आली की आधी आपल्या हातावर घ्यावी."

"मी नळीवर घ्यायला शिकवलं."

"नळीवर तुम्ही घ्यायचात. आम्हाला हातावर घ्यायला लावायचात." तो टोमणा मारत नव्हता, साधं सांगत होता, आणि त्यामुळे ते सरळ आत गेलं. तिला म्हणायचं होतं की माझ्यापुढे बोलायला तुझी जीभ कुणी धरली होती, आणि ती कुणी धरली होती हे तिला माहीत होतं. पंचवीस वर्षांत त्याने किती वेळा बरं, बाई म्हटलं असेल याची नोंद कुठे नव्हती. आता काय करायचं, माफी मागायची? ती जमली नसती. "यापुढे बोलत जा," ती म्हणाली, आणि ते हुकमासारखंच आलं. बारक्या म्हणाला, "बरं, बाई," मग दोघांनाही ते ऐकू आलं, आणि तो ओशाळून पिशवी उघडायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी जागी झाली तेव्हा डाव्या डोळ्यासमोर धुरकट होतं. तिने चष्मा पुसला, डोळा चोळला, पाणी लावलं. धुरकट थोडं गेलं, सगळं गेलं की नाही ते ठरेना. ती खाटेवर बसून पायाच्या बोटांकडे बघत राहिली. अंगठ्याचं नख दिसत होतं, त्याच्यावरची उभी रेघ दिसत होती की आठवत होती? दहा दिवसांपूर्वी कुणी विचारलं असतं तर तिने हसून सांगितलं असतं, दिसणं आणि आठवणं यांत गल्लत करू नये. नवरा चहा घेऊन आला, काय गं म्हणाला. ती काही नाही म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. "डाव्याने धूसर दिसतंय," ती म्हणाली. "सकाळपासून. सिस्टरला सांगा." त्याने चहा स्टुलावर ठेवला आणि सिस्टरकडे निघाला.

तपासणीच्या खोलीत लांबच्या टोकाला अक्षरांचा तक्ता होता, जमिनीवर सहा मीटरची पिवळी रेघ. टेक्निशियन होती ती तिशीतली, चटपटीत, ओठांवर सारखं शाब्बास. आधी तिने डावा डोळा झाकला आणि उजव्यावर टॉर्च धरली.

"उजेड कुठून येतोय, आजी?"

"कुठूनच येत नाही."

"इकडून? आता?"

"तुम्ही टॉर्च लावलीय का, ते आधी सांगा."

लावली होती. टेक्निशियनने लिहिलं. मग झाकण उजव्या डोळ्यावर आलं. थेंब घालून झाले होते, चष्मा पुसून झाला होता, नवरा दाराला टेकून उभा होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. सगळ्यात वरचं अक्षर मोठं, दाराएवढं वाटावं असं. ते तिने वाचलं. दुसरी ओळ वाचली. तिसरीला मान पुढे गेली, तर टेक्निशियनने मागून खांदे धरून सरळ केली. चौथी वाचली, पाचवी वाचली. सहाव्या ओळीत अक्षरांच्या कडा मऊ झाल्या, पण ती एकेक घेत गेली, प्रत्येकाला हवा तेवढा वेळ देत, आणि टेक्निशियन पुढे पुढे म्हणत होती ते तिने ऐकलं नाही. सातव्या ओळीत, म्हणजे चांगल्या डोळ्याला वाचता यावी त्या ओळीत, पाच अक्षरं होती. तीन सांगितली. चौथ्यावर थांबली.

"अंदाजाने सांगा, चालतं."

"मी अंदाज सांगत नाही. दिसत नाही असं लिहा."

"पाचवं?"

तिने बराच वेळ बघितलं. "पाचवंही नाही."

टेक्निशियनने झाकण काढलं, टेबलाशी गेली, कागद ओढला. काय लिहिलं ते मोठ्याने वाचून दाखवा, ती म्हणाली. टेक्निशियनने वाचून दाखवलं. उजवा डोळा: प्रकाशाची जाणीव नाही. डावा डोळा, चष्म्यासह: सहा बटे नऊ, पुढच्या ओळीतली तीन अक्षरं बरोबर.